गेटाबाहेरची कढई

५ ऑगस्ट

माननीय प्रकल्प अधिकारी यांस,

आपल्या खात्याचं जाडजूड पाकीट आमच्या मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या हस्ते पोचलं. पहिली ते चौथीच्या मुलांची वजनं भलतीच वाढू नयेत म्हणून शाळेने काय करावं आणि कॅन्टीनवाल्याने काय करू नये, हे त्यात इतक्या तपशिलाने लिहिलंय, की मला वाटलं लिहिणारा माणूस कॅन्टीनमध्येच लहानाचा मोठा झालेला असावा. शेवटच्या पानावर सही पाहिली आणि खात्री पटली.

जाऊ दे. पोटच्या पोरीला ‘आपण’ फार वेळ लिहिता येत नाही, हात अवघडतो.

तळण बंद. गोड पाव बंद. रंगीत सरबत बंद. रोज एक तास मैदानावर. कंत्राटदाराने सहकार्य न केल्यास कंत्राट रद्द. हे शेवटचं वाक्य लिहिताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर होता गं? मी तीन शाळांची कॅन्टीनं चालवतो, पाकीट तिन्हीकडे येऊ शकलं असतं. आलं ते फक्त इथे, जिथे तू पिठाच्या पोत्यावर बसून पाढे म्हटलेस. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा प्रकल्प आहे म्हणून आम्ही आधी नंबर लावला." त्यांना वाटलं मी खूश होईन. झालो. म्हणजे चेहऱ्याने झालो.

मी रागावलेलो नाही. पेपरातली तुझी मुलाखत मला न्हाव्याने वाचून दाखवली, अर्धी दाढी झालेली असताना. "मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाढले. मुलं कशाने फुगतात ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही." दुकानात सात-आठ माणसं. अर्ध्या दाढीवर उठून जाता येत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. फोनवर ते सांगताना आवाज चढला असेल. तूही फोन आपटलास. त्याला आता वर्ष होऊन गेलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद. कागदाचं एक बरं असतं, समोरच्याला मध्येच "मीटिंग आहे" म्हणता येत नाही.

मामाला पत्रक वाचून दाखवलं. तुझी आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि तिचा हा भाऊ. तुला माहीत आहे, त्याचा सगळा जीव कढईत. ऐकून तो बराच वेळ झारा पुसत बसला. मग म्हणाला, "दाजी, मग मी काय करायचं?"

"उकडायचं. फळं कापायची."

"उकडायला माणूस कशाला लागतो? ते आपोआप होतं."

सूचनांचं पालन होईल असं आपल्या खात्याला कळवावं.

आपला,
कंत्राटदार

२६ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचल्याची छापील चिठ्ठी आली. तुमच्या कारकुनाचा शिक्का सरळ बसतो, चांगलं आहे.

अहवाल असा. पहिल्या आठवड्यात उकडलेली कणसं मी आणि शिपायांनी खाल्ली. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडेपर्यंत ताटातून माझ्याकडे बघत होत्या. तिसरीतल्या एका पोराने काउंटरवर हनुवटी टेकवून मला हळूच विचारलं, "काका, कुणी आजारी आहे का?"

आपला काउंटर उंच. आत बसलं की पोरं दिसत नाहीत, बोटं दिसतात आणि आवाज येतात. त्यामुळे या शाळेतलं निम्मं राजकारण मला बसल्या जागी कळतं. तुझा खेळाचा तास गणिताच्या बाई उजळणीसाठी पळवून नेत होत्या. पोरांच्या कुरकुरीतून मला ते समजलं आणि मोठ्या बाईंना चहा देताना मी सहज कानावर घातलं. साखरेबरोबर. आता तास होतो.

आणि तासानंतर पोरं येतात ती अशी वखवखलेली येतात, की कणीस राहू दे, काउंटर खातील. इथे तुझं बरोबर निघालं, मी लिहून देतो. आधी पळवायचं आणि मग ताट पुढे करायचं. इतकी वर्षं धंदा करून मला हे सुचलं नाही. वजन-उंचीसुद्धा तू लिहिलंस तशी पडद्याआड घेतात, एकेकाला आत बोलावून. आकडा बाहेर कुणाला ऐकू येत नाही. मलासुद्धा नाही, आणि मी प्रयत्न केला होता.

दुसरीत एक मुलगी आहे. तिचा आवाज यायच्या आधी तिची धाप येते. जिना उतरून काउंटरपर्यंत पोचते आणि मग श्वास गोळा करून म्हणते, "का... का." मी तिला मनातल्या मनात इंजिन म्हणतो. पोरं वेगळं काहीतरी म्हणतात, ते लिहीत नाही. तू ते ऐकलेलं आहेस.

मामा ठीक. हल्ली कॅन्टीनमध्ये येत नाही. "तेल बोलतं, दाजी. झालं म्हणून सांगतं. वाफ काही बोलतच नाही," असं म्हणून त्याने ॲप्रन खुंटीला लावला तो लावला. सकाळी लवकर बाहेर पडतो. फिरायला जात असेल. तब्येतीला बरं.

शाळेच्या गेटाबाहेर एक हातगाडी लागायला लागलीय, तळलेल्या बटाट्याची. गेटाबाहेरचं माझ्या कंत्राटात येत नाही.

बाबा

१८ सप्टेंबर

पोरी,

खात्याच्या पत्राखाली तू हाताने लिहिलेली ओळ मिळाली. "गेटाबाहेरची गाडी ताबडतोब हटवा. मी तुम्हाला ओळखते, बाबा." वर्षभरातली तुझ्या हातची पहिली ओळ. दोनदा वाचली. एकदा मजकुरासाठी, एकदा शेवटच्या शब्दासाठी.

आत तळण बंद झालं की बाहेर कढई चढवायची, हे माझ्यासारख्यालाच सुचेल असं कुणालाही वाटणार. तीन शाळांची कंत्राटं मी काही भोळेपणावर मिळवली नाहीत. दुसऱ्याच्या टपरीवर पेले विसळत होतो, तिथून इथवर आलोय. तेव्हा तू ओळखलंस तेच धर. मी वाद घालत नाही. गाडी हटेल.

काल मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. दार लोटलेलं, आत संस्थेचे अध्यक्ष. मी बाहेर बाकावर. अध्यक्ष म्हणत होते, "मुलगी आत तळण बंद करते आणि बाप गेटावर तळतो. गाव हसतंय, बाई. सहामाहीची मापं होऊ द्या. इथे फरक दिसला नाही तर समिती हा प्रकल्प गुंडाळणार, सगळ्याच शाळांतून. मग त्या डॉक्टरबाईंना खात्यात कोण विचारतंय?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलं सुधारतायत हो."

"सुधारतायत. गेटापर्यंत."

माणूस चुकीचं बोलला नाही. इंजिनचंच घे. मध्यंतरी तिची धाप यायची थांबली होती. एक दिवस सरळ आवाज आला, "काका, कणीस." मला कळलंच नाही कोण ते. उठून वाकून पाहिलं तर तीच. पुढचा दात पडलेला, कपाळावर घाम, हसतेय. आणि परवा शाळा सुटल्यावर पाहिलं तर गाडीपाशी उभी. गाडीवाला तिला मापापेक्षा जास्त घालत होता. "घे गं बाई, वाळलीस नुसती," म्हणत होता. अगदी जिवापासून म्हणत होता, त्यात काही खोट नव्हती. हेच अवघड आहे.

मामा मजेत. जेवताना बोलतो आता. मनगटावर तेलाचे बारीक बारीक चटके दिसतात, मी विचारत नाही. परवा भांडी घासताना गुणगुणत होता. तुझी आई गेल्यापासून या घरात कुणी गुणगुणलेलं मी ऐकलं नव्हतं. तू म्हणशील, हे मला कशाला सांगता. सहज.

बाबा

६ ऑक्टोबर

पोरी,

गाडीचा बंदोबस्त केलाय. शाळा सुटायच्या आत गाडीवरचा माल संपतो. पोरं बाहेर येतात तेव्हा कढई रिकामी. सध्या एवढंच समज.

तरी सांगून टाकतो, नाहीतर तू भलतंच काही धरून बसशील. पालिकेत एक शब्द टाकला असता तर दुसऱ्या दिवशी गाडी उचलून नेली असती. नाही टाकला. त्याऐवजी मी वॉचमनला पाठवतो, इस्त्रीवाल्याला पाठवतो, एकदा न्हाव्यालाही पाठवलं. अर्ध्या दाढीची तेवढी तरी भरपाई. ते आळीपाळीने जातात, आहे तेवढा माल उचलतात आणि मागच्या रस्त्याला इमारतीचं काम चाललंय तिथे मजुरांत वाटून टाकतात. दिवसभर विटा वाहणाऱ्याला तळलेला बटाटा बाधत नाही, तुझ्याच पत्रकात लिहिलंय, खाल्लेलं जिरवावं.

बेत चोख होता. एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ज्याचा माल रोज शाळा सुटायच्या आत संपतो तो माणूस काय करतो? दुप्पट माल आणतो. आता गाडीवर दुसरी शेगडी आली आहे. वॉचमन म्हणतो, "साहेब, दोन खेपा माराव्या लागतात, माझं गेट कोण बघणार?" मजूरही आता म्हणतात, काहीतरी गोडाचंही बघा.

काल जेवताना मामा मला म्हणाला, "दाजी, धंदा कसा करतात ते आता माझ्याकडून शिका. उंच काउंटरमागे लपून धंदा होत नसतो. माणसाला कढई दिसली पाहिजे."

मी म्हटलं, "शिकव बाबा."

त्याने शिकवलं. जेवण गार होईपर्यंत शिकवलं. इतका ताठ बसलेला मी त्याला तुझ्या आईच्या लग्नात पाहिला होता, तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि वाढप्यांवर हुकूम सोडत होता.

हे मामाचं बोलणं मध्येच कुठून आलं बघ. वय झालं की माणूस काहीही बोलतो. गाडी माझीच आहे, तू म्हणालीस तशी. आपल्याच गाडीवरचा माल आपणच का विकत घेतो, असं तू विचारशील. धंद्यातल्या काही गोष्टी डॉक्टरांना नाही कळायच्या.

बाबा

२५ ऑक्टोबर

पोरी,

मामा गेला. घाबरू नकोस, तसा नाही. रागावून गेला. एक पिशवी आणि झारा घेऊन. तुझ्याकडेच येत असणार, दुसरं त्याला आहे कोण? हे पत्र त्याच्या आधी पोचतंय की मागून, सांगता येत नाही. तो सांगेलच, म्हणून मीच सांगतो. गाडी त्याची. पहिल्या दिवसापासून त्याचीच.

झालं असं. इमारतीवरचा एक मजूर थेट गाडीवरच आला. म्हणाला, "मामा, आज पुड्या आल्या नाहीत अजून. वॉचमन आजारी आहे का?"

"कसल्या पुड्या?"

"रोज फुकट येतात त्या. कॅन्टीनवाले शेठ पाठवतात ना."

मामाने दोन्ही शेगड्या विझवल्या, गेटावरच्या वॉचमनकडून सगळं काढून घेतलं आणि भर दुपारी घरी आला. मी जेवत होतो. समोर उभा राहिला.

"दाजी, माझ्या हातची चव लोकांना आवडते म्हणून खपतंय, असं वाटत होतं मला."

"आवडतेच. त्या मजुरांना विचार."

"थट्टा करू नका."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"बंद कर म्हणून सरळ सांगायचं होतंत."

"केली असतीस?"

"तुमच्या सांगण्यावरून नसती केली. तुमचं कॅन्टीन बुडतंय म्हणाला असतात तरी नसती केली. पण पोरीचं काम मोडतंय म्हणाला असतात, तर त्याच दिवशी कढई भंगारात दिली असती. तिचा याच्याशी काही संबंध आहे हे मला आज त्या वॉचमनकडून कळतंय!"

"तुला पत्रक वाचून दाखवलं होतं."

"पत्रक दाखवलंत. सही कुठे वाचून दाखवलीत? या घरात तिचं नाव काढायची सोय आहे का? वर्ष झालं, मीही काढत नाही, तुमचं ताट अर्धवट राहायला नको म्हणून."

मी ताट बाजूला सारलं, अर्धवटच.

मग त्याचा आवाज बसला. म्हणाला, "त्या लेकराला मी रोज दोन चमचे जास्त घालत होतो. आपली पोर आठवायची मला तिला बघून. आणि मी आपल्याच पोरीच्या वाटेत कढई घेऊन उभा. आणि तुम्ही मला उभं राहू दिलंत. वर विकत घेत राहिलात." एवढं बोलून आत गेला आणि पिशवी भरायला लागला.

मी त्याला थांबवलं नाही. थांबवायचं तर हात धरावा लागला असता, आणि आमच्यात तशी पद्धत नाही. दारात उभा राहून फक्त म्हटलं, "गाडीचं काय करू?" तो म्हणाला, "तुमची आहे असं सगळ्यांना वाटतं ना? मग तुम्हीच बघा."

गाडी मी विकली नाही. मागच्या अंगणात आणून ठेवलीय. कढई तुझी आई उजळवायची तशी उजळवून पालथी घातली. गेट मोकळं आहे.

त्याला बसच्या प्रवासात गुडघ्याचा त्रास होतो. पोचला की गरम पाण्याची पिशवी दे. आणि रागावू नकोस त्याच्यावर. रागवायचं ते माझ्यावर, तुला सवय आहे.

बाबा

१९ नोव्हेंबर

पोरी,

सहामाहीची मापं झाली. तुला कळलं असेलच, तरी माझ्याकडून. चमत्कार झालेला नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, पहिली-दुसरीच्या मुलांची वजनं दरवर्षी या सुमाराला जी सुटायची ती या वेळी आवरली आहेत, आणि गेले काही आठवडे तर चांगलीच. समिती प्रकल्प चालू ठेवतेय. माझ्या उरलेल्या दोन शाळांतही आणतेय. मी तिथल्या कढया आधीच उतरवल्या, पाकिटाची वाट बघितली नाही.

बैठकीला मी मागच्या रांगेत होतो. तुझं नाव चार वेळा घेतलं गेलं, एकदा चुकीच्या उच्चाराने. नंतर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी हटवलीत ते बरं केलंत. उशिरा का होईना." मी म्हटलं, "हो साहेब." गाडी माझी नव्हती हे त्यांना सांगायची मला गरज वाटली नाही. तुला सांगायची होती, ते झालं.

मैदानावर इंजिन पळताना शेवटून दुसरी येते. परवा काउंटरवर दोन्ही हात आपटून ओरडली, "काका! आज माझ्या मागे एक जण होता!" मी विचारलं, कोण? तर म्हणे, त्याचा पाय मुरगळला होता. पण होता मागे.

मामाचा फोन आला होता. तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तू त्याला लावलंस म्हणाला. "उकडायचं झालं तरी मीठ कधी घालायचं ते कळावं लागतं, दाजी. इथल्या बायांना काही येत नव्हतं." त्याच्या आवाजावरून कळलं, गुडघा बरा आहे. मग मागून तुझा आवाज आला. "मामा, कुणाशी बोलतोयस?" तो म्हणाला, "आहे एक ओळखीचा माणूस." तू आणखी काहीतरी विचारलंस आणि त्याने फोनवर हात धरला. हातामागचंही मला बहुतेक वेळा ऐकू येतं. या वेळी आलं नाही. तू काय विचारलंस, ते मी तेव्हापासून वेगवेगळ्या प्रकारांनी ऐकून बघतोय.

इकडे सगळं ठीक. घरात ठेवलेली वस्तू ठेवलेल्या जागीच सापडते. चष्मा, किल्ल्या, आजचा पेपर. तुझ्या आईला असंच घर हवं होतं, तिला ते आमच्यामुळे कधी मिळालं नाही. दुपारी कॅन्टीनमधून उरलेलं कणीस आणतो आणि उभ्या उभ्याच खातो, बसायचं कारण नसतं.

मामाला परत पाठवू नकोस. मी बोलावलं तरी पाठवू नकोस. मी बोलावीनच, स्वभाव आहे. तिथे त्याला काम आहे, वर तू आहेस. इथे आला तर अंगणातली गाडी त्याला दिसेल, चार दिवसांत कढई सुलटी होईल, आणि मला त्याला नाही म्हणता येणार नाही, हे मागच्या वेळी तू पाहिलंस.

तुझ्या दारापर्यंत यायला त्याला निमित्त मिळालं. माझ्याशी भांडून निघाला. मीही बरेच दिवस विचार करतोय, पिशवीत काय काय भरायचं ते ठरवूनही झालं. पण मी कुणाशी भांडून निघू? घरात आता कुणी नाही.

बाबा